तेल, साबण, तेल

माझी त्वचा कोणत्या प्रकारची आहे हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही चुकीचं कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की त्वचा बायकांना असते, पुरुषांना नुसतं कातडं.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. बायको होती तोवर फोन बायकोला यायचा. मायलेकी तासभर बोलायच्या आणि देवळातून निघताना घंटेला हात लावावा तसा शेवटी फोन माझ्या कानाला लावला जायचा. बरे आहा का बाबा? हौ. संपलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तो सबंध फोन माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. त्याचं करायचं काय हे मलाही कळेना आणि पोरीलाही. दर रविवारी सकाळी साडेदहाला ती विचारायची, जेवायला काय केलं, रक्तदाबाची गोळी घेतली का, नळाला पाणी येतं का. मी तिन्ही प्रश्नांना हौ म्हणायचो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हौ होऊ शकत नाही, हे तिनं कधी मला दाखवून दिलं नाही.

दोन मिनिटांत फोन संपायचा आणि उरलेला रविवार समोर उभा राहायचा. बालाघाट शहरातलं हे दोन खोल्यांचं घर आम्ही माझ्या निवृत्तीनंतर घेतलं. आम्ही म्हणजे तिनंच. मी मागून सामान घेऊन आलो. शेजार तिनं जोडला, भाजीवाली तिनं ठरवली, कुणाकडे विरजण मिळतं हे तिला माहीत. ती गेल्यावर या गल्लीला माझ्याशी बोलायला फारसं कारण उरलं नाही. लोक वाईट नाहीत. नमस्कार करतात आणि पुढे जातात.

असाच एक रविवार होता, होळीच्या आसपासचा. फोन कानाला लावलेला असताना माझ्या गालानं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि व्हिडिओ सुरू झाला. पोरीला आधी माझा कान दिसला म्हणे. काय झालं ते बघायला मी फोन तोंडासमोर धरला, अगदी नाकाला टेकेपर्यंत.

"बाबा, तुमच्या तोंडाले का झालं?"

पुण्यात राहून तिची भाषा शहरी झाली आहे. घाबरली की मात्र परत आमच्या गावची होते.

मला काही झालेलं नव्हतं. कपाळ पांढरं पडलं होतं, नाकाच्या दोन्ही कडांना जुन्या भिंतीचा चुना सुटावा तशी सालपटं होती, गालावर बारीक भेगा होत्या. हे सगळं कित्येक वर्षांचं. बायकोनं बोलून बोलून सोडून दिलेलं. पण त्या रविवारी फोन सतरा मिनिटं चालला. मी घड्याळ बघितलं होतं, म्हणून सांगतो.

आता हे तोंड असं का झालं ते सांगायला उकव्याला जावं लागेल. उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीवर मी तीस वर्षं हजेरी बाबू होतो. खाणीत उतरणारे वेगळे; मी वर खिडकीत बसून त्यांच्या नावांपुढे खुणा करायचो. पण मॅंगनीजची काळी भुकटी बाबू आणि मजूर असा भेद करत नाही. ती भुवयांत बसते, कानामागे बसते, नाकाच्या खोबणीत तर घरच करते. नुसत्या साबणाला ती दाद देत नाही. म्हणून तिकडे तोंड धुण्याची रीत ठरलेली आहे. आधी टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, तोंडाला चोळायचं. मग कपड्यांच्या साबणाची वडी आणि गिलक्याची वाळकी जाळी घेऊन घासायचं. पाणी काळं येणं थांबलं की पुन्हा तेलाचं बोट फिरवायचं. तेल, साबण, तेल. हे तिन्ही मिळून एक तोंड धुणं.

मी बाबू असूनही खाणीत उतरणाऱ्यांपेक्षा जास्त घासायचो. नळावर जास्त वेळ लागला की बायकोला वाटावं, हाही कष्ट करून आला. तिला तसं कधीच वाटलं नाही. निवृत्त झालो तेव्हा भुकटी उकव्यालाच राहिली, वडी आणि जाळी मात्र माझ्या मागोमाग बालाघाटला आल्या. रोज दोन वेळा मी नसलेला काळा रंग घासून काढत होतो.

पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शिकायला लवकरच बाहेर पडली. बाप नळावर काय करतो हे कुठली पोर बघते? तिनं मला सांगितलं की उपाय करायच्या आधी त्वचेचा प्रकार ओळखायला हवा. तोंड धुवा, वर काहीही लावू नका, तासभर तसेच बसा. कातडी ओढल्यासारखी वाटली तर कोरडी, चमकली तर तेलकट, नाक-कपाळ चमकून गाल ओढले तर मिश्र. शेवटी पातळ कागद दाबून बघा.

मी सगळं तिनं सांगितल्याबरहुकूम केलं. तोंड धुतलं. म्हणजे तेल, साबण, तेल. आणि त्यानंतर काहीही लावलं नाही. तासभर खुर्चीत बसून राहिलो. तोंड हलून परीक्षा बिघडू नये म्हणून शेजारच्या वहिनींनी हाक मारली तरी ओ दिली नाही, आणि एरवी त्या महिन्यातून एकदाच हाक मारतात. मग मिठाईच्या डब्यातला पातळ कागद कपाळाला लावून उचलला, तर त्यातून समोरची खिडकी दिसत होती. भज्याचा कागदही इतका आरपार होत नाही. मी कागदाचा फोटो काढून पाठवला. पोरीनं उलट लिहिलं की या वयात इतकी तेलकट त्वचा असते हे तिनं कुठे वाचलंसुद्धा नव्हतं. मला वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात खोकं आलं. तेलकट त्वचेचा फेसवॉश, तेल शोषणारी जेल, थेंबाथेंबानं घालायची एक बाटली. मी ते सगळं माझ्या रीतीत बसवलं. वडीनंतर फेसवॉशवरही गिलक्याची जाळी चालवली, कारण जाळीशिवाय घासल्याचं समाधान नाही. पण माझ्या त्वचेला तेल फार म्हणून शेवटचं तेल मात्र निष्ठेनं बंद केलं. त्या बिचाऱ्या कातड्याला दिवसभरात मिळणारा तेवढा एकच घास होता, तोही मी काढून घेतला.

चौथ्या दिवशी मी उकडलेल्या बटाट्यासारखा सोलून निघालो. हसलो की ओठांच्या कडा फाटत. हसायचे प्रसंग फारसे नव्हते, ते बरं.

पोरगी आता रोज फोन करू लागली. दुपारी तिची जेवणाची सुट्टी झाली की व्हिडिओ लावायची, मला खिडकीशी उभं करायची, इकडे वळा, तिकडे वळा म्हणायची, आणि तपासणी झाली की फोन तसाच ठेवून डबा खायची. ती जेवायची, मी बघायचो. कुणी समोर बसून जेवतंय हे मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. कधी विचारायची, तुम्ही काय खाल्लं, आणि मी आता हौ न म्हणता भाजीचं नाव सांगू लागलो.

एक दिवस तिनं हुकूम सोडला की फोन नळावर टेकवा आणि माझ्यासमोर तोंड धुवा. मी सवयीनं आधी टोरीच्या तेलाची बाटली उघडली.

"हे का करून राह्यले?"

"तोंड धुऊन राह्यलो."

मग मी वडी घेतली, तिच्यावर जाळी घासली. पलीकडून काहीच आवाज येईना म्हणून डोळे उघडून बघितलं, तर पोरगी तोंडावर हात धरून हसत होती. तिची आई हसताना श्वास आत ओढायची, तशीच. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. साबण डोळ्यांत गेला होता, त्यामुळे पुढचं सगळं साबणाच्या नावावर खपून गेलं.

निकाल लागला की माझी त्वचा मूळची कोरडी, आणि तीस वर्षं घासून ती आणखी कोरडी केलेली. नवं खोकं आलं. वडी बंद, जाळी बंद, कढत पाणी बंद. फेस न होणारा सौम्य क्लिन्झर बोटांच्या टोकांनी लावायचा. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. तोंड ओलसर आहे तोवरच मॉइश्चरायझर. सकाळी त्यावर दोन बोटं भरून सनस्क्रीन, संध्याकाळी नुसतं क्रीम. नवी वस्तू आली की आधी कानामागे लावून दोन दिवस वाट बघायची, आणि एका वेळी एकच नवी वस्तू, म्हणजे काही बिघडलं तर गुन्हेगार सापडतो. टोरीच्या तेलाची बाटली फेकू नका म्हणाली. हाताच्या कोपरांना लावा. सुनेनं सासूला माजघरात जागा द्यावी तशी ती बाटली मी कोपऱ्यात ठेवली.

सनस्क्रीनच्या पहिल्याच दिवशी मी दाढी करायला गेलो. दोन बोटं म्हणजे किती हे मी माझ्या बोटांनी मोजलं होतं, आणि माझी बोटं जाड आहेत. ते मुरवायचं असतं हे मी ऐकलंच नव्हतं. न्हाव्यानं आरशात माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे खेळ होतात, आणि त्यांत पुरुष तोंडाला पांढरं थापून बायकांची सोंगं घेतात.

"काकाजी," तो म्हणाला, "मंडई तो दिवाली के बाद है. तुम्ही आतापासूनच सोंग घेऊन राह्यले का?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, आणि ओठ फाटले नाहीत. हे मी दुपारी पोरीला सांगितलं, न्हाव्याच्या आवाजात. तिचा घास हातातच राहिला.

पावसाळा लागेपर्यंत माझं तोंड सुधारलं. कपाळ मऊ झालं, सालपटं गेली. वहिनी कुंपणावरून म्हणाल्या की भाऊजी, तुमचं तोंड उजळलं. पोरगी खूष झाली. म्हणाली, बघा, आता रोज तपासायची गरज नाही. तिच्या ऑफिसात काम वाढलं होतं, तेही खरंच असणार. दुपारचा फोन आठवड्यातून तीनदा झाला, मग एकदा, मग पुन्हा रविवारी साडेदहाला. एका रविवारी नुसता मेसेज आला, सगळं ठीक ना, आणि मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते पाठवलं आणि मग त्या अंगठ्याकडे बघत बसलो.

बाजूच्या खोलीत आरसा आहे. त्यात एक तुकतुकीत गालांचा म्हातारा दिसत होता, ज्याला बघायला कुणी येत नव्हतं.

पुढचं मी नकळत केलं असं लिहिणार होतो. पण कळून केलं. बुधवारी सकाळी मोरीच्या खिडकीतली वडी काढली, जाळी काढली, आणि तीनदा घासलं. वर काही लावलं नाही. माझं कातडं आज्ञाधारक आहे. दुपारपर्यंत कपाळ लाल, संध्याकाळी नाकाशी पापुद्रे. फोटो काढून पाठवला. चार मिनिटांत फोन वाजला.

तेव्हा मला लाज वाटली नाही. मी भात टाकला आणि गुणगुणत होतो.

पोरगी कामाला लागली. रोजचा फोन परत आला. तिनं आधी सनस्क्रीन बंद करायला सांगितलं, मग क्रीम बदललं, मग एकेक वस्तू चार चार दिवसांच्या अंतरानं परत सुरू केली. वही केली होती तिनं, कधी काय लावलं आणि काय झालं त्याची. चेहरा बरा होऊ लागला की मी वडी काढायचो. तिच्या वहीत मग कधी क्रीम गुन्हेगार ठरायचं, कधी नळाचं पाणी. मी पलीकडे बसून तिला जेवताना बघायचो. कधी कधी ती डबा उघडायचीच नाही, माझ्याबद्दलच काहीतरी वाचत असायची. ते माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

नवरात्राच्या आधीच्या एका दुपारी तिनं माझं तोंड बघितलं, वळा म्हणाली नाही. फोन समोर टेकवून ती नुसती बसली.

"बाबा, मी काही डॉक्टर नाही," ती म्हणाली. "आईच्या आजारपणातही मी हेच केलं. इथे बसून सांगत राह्यली, हे घे, ते नको घेऊ, आराम कर. आणि ती हौ हौ म्हणत राह्यली. आता तुमचा चेहरा बिघडवला. मी आता काही सांगणार नाही. तुम्ही डॉक्टरले दाखवा."

फोन ठेवला तिनं. मी कितीतरी वेळ मोबाईल तसाच तोंडासमोर धरून बसलो होतो. बायको गेली ती पोरीच्या सांगण्यानं नाही, हे मला माहीत होतं. पोरीला ते कुणी सांगितलं नव्हतं, हे मला आत्ता कळलं. दोन वर्षं आम्ही गोळी आणि नळाचं पाणी यांवर बोललो होतो.

मी उठून वडी कचऱ्यात टाकली आणि तिला फोन लावला. आजवर मी स्वतःहून तिला फोन केलेला नव्हता. ती करते, मी उचलतो, अशी आमची पद्धत. तिनं उचलल्यावर मी घाईघाईनं सांगून टाकलं की चेहरा तिनं बिघडवलेला नाही, मी मधूनमधून कपड्यांचा साबण लावत होतो.

मग तिनं विचारलं, "काहून?"

खरं उत्तर तोंडाशी होतं. आयुष्यात एकदाच एवढं सोपं उत्तर तोंडाशी आलं असेल. आणि मी म्हणालो, "वडी पडून होती. वाया जाईल म्हणून."

तिनं फोन ठेवला, आणि तो ठेवण्यालायकच होता.

त्यानंतर अकरा दिवस फोन नाही. मधले दोन रविवार आले आणि गेले. साडेदहाला मी उगाच खिडकीशी उभा राहिलो, उजेड बघून. दिनक्रम मात्र मी चुकवला नाही. सकाळी क्लिन्झर, टिपणं, क्रीम, सनस्क्रीन, मुरेपर्यंत. संध्याकाळी क्लिन्झर, क्रीम. कुणी तपासणार नव्हतं, तरी वळून वळून लावत होतो. चेहरा सुधारत गेला, आणि तो सुधारणं मला शिक्षेसारखं वाटत होतं.

बाराव्या दिवशी मी पुन्हा फोन लावला. भर दुपारी, तिच्या कामाच्या वेळेत. काय बोलायचं ते आधी मोरीत दोनदा बोलून बघितलं होतं. तिनं उचलला, मागे माणसांचे आवाज होते.

"तू रोज फोन करत होती," मी म्हणालो. "तोंड बरं झालं अन् फोन बंद झाला. म्हणून लावत होतो साबण. अन् तुझी आई तुझ्या सांगण्यानं नाही गेली बेटा. मी तिच्या बाजूलेच होतो. मले माहीत आहे."

मागचे आवाज चालूच होते. कुणीतरी तिला नावानं हाक मारली.

"मी मीटिंगमध्ये आहे, बाबा," ती म्हणाली, आणि थोडं थांबून फोन ठेवला. ते थोडं थांबणं मी पुढचे तीन दिवस उलटून पालटून बघितलं. त्यातून काही निघालं नाही.

रविवारी साडेदहाला फोन वाजला. मी तयार होतो. तोंड धुतलेलं, क्रीम लावलेलं, खिडकीचा पडदा सारलेला. पण व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. मी व्हिडिओचं बटण शोधू लागलो तर ती म्हणाली, राहू द्या.

"आज तोंड नका दाखवू."

"मग का दाखवू?"

"काहीच नका दाखवू. बोला."

बोला म्हटल्यावर माणसाला काय सुचतं? तिकडे कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं काय शिजतंय, ती म्हणाली तूरडाळ. मी सांगितलं की मीही परवा वरण केलं, ते आईसारखं झालं नाही, कुठे चुकतं कळत नाही. ती म्हणाली आई फोडणीला लसूण ठेचून नाही, कापून घालायची. मी चाळीस वर्षं ते वरण खाल्लं आणि मला ते माहीत नव्हतं. तिचं स्वयंपाकघर ऐकू येत होतं, माझ्या इकडचा पंखा तिला येत असावा. ती अजून रागावलेली आहे की नाही, हे चेहरा दिसला असता तर कळलं असतं. विचारायचं धाडस झालं नाही. फोन ठेवताना रक्तदाबाच्या गोळीचं तिनं विचारलं नाही. मी घेतली होती.

ठेवल्यावर बघितलं तर मोबाईलच्या काचेवर माझ्या गालाचा क्रीमचा ठसा उमटला होता. जास्तच लावलं होतं. बोटं जाड आहेत.

आता मी खाटेशी एक कागद ठेवलाय. पुढच्या रविवारी काय बोलायचं ते आठवडाभर त्यावर लिहायचं. आज गुरुवार आहे. आतापर्यंत एवढंच झालंय: लसूण कापून घातला, फरक पडला. आणि खाली, वहिनींच्या मांजरीला पिल्लं झाली, ती मी स्वतः जाऊन बघून आलो.